टाकीचा रंग सरकारदरबारी, सीटचा रंग घरचा

मोटारसायकलच्या आरसी बुकात गाडीचा रंग लिहिलेला असतो. काळी गाडी लाल करून हवी असली तर आरटीओत अर्ज करावा लागतो, नोंद बदलून घ्यावी लागते. सीटचा रंग मात्र त्या बुकात कुठंच नसतो. सबंध गाडीवर ही दीड-दोन हातांची एवढीच जागा अशी, की जिथं मालकाच्या मनात येईल तो रंग चढतो आणि मन फिरलं की उतरतो. त्या जागेवर आमच्या घरानं दोन पिढ्या भाकरी खाल्ली आहे.

कोल्हापुरात उद्यमनगरच्या बाजूला आमचं सीट शिवायचं दुकान आहे. ते आण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी काढलं. आता मशिनवर मी बसते. नवं गिऱ्हाईक अजूनही दारात थबकतं आणि विचारतं, "कारागीर कुठं गेलेत?" कारागीर मीच, गाडी स्टँडला लावा, असं म्हटलं की जरा चुळबुळ करतं, पण थांबतं. आमचं घराणं चर्मकारांचं. आजोबांनी मोटा शिवल्या, आण्णांनी सॅडलं रंगवली आणि नंतर सीटा शिवल्या, मी सीटा शिवते. चामड्याला रंग देणं तिघांनीही केलं. पण आजोबांच्या काळी रंग झाडाची साल ठरवायची, आण्णांच्या काळी तो कारखाना ठरवू लागला आणि आता गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो दाखवून ठरवतं. हा बदल कसा झाला ते मला सांगायचं आहे, कारण सीटकडं बघून तो कुणाच्या ध्यानात येत नाही.

सुरुवात विहिरीपासून करावी लागते. इंजिन आणि विजेचा पंप येण्याआधी आपल्याकडं विहिरीचं पाणी मोटेनं उपसत. मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी, तिला खाली निमुळती सोंड. बैल धावेवरून उतरू लागले की मोट वर यायची. जाड नाडा पिशवीला, बारीक सोंदूर सोंडेला. चामडं सतत ओलं, सतत ताणात आणि सतत घासलेलं. ते फुटलं की शिवारातलं पाणी थांबायचं, म्हणून मोट शिवणाऱ्याला बलुत्यात धान्य मिळायचं. कातडं कमवायचं काम ढोर समाजाच्या घरांकडं असे आणि कमावलेलं चामडं शिवायचं आमच्यासारख्यांकडं. दोन्ही कामांना मान नव्हता. चामड्याशिवाय एक दिवस न चालणाऱ्या गावानं चामड्याला हात लावणाऱ्यांची घरं वेशीकडंला ठेवली होती, हे इतिहास सांगताना गाळून चालणार नाही.

कमावायची रीत अशी. कच्चं कातडं धुवायचं, चुन्याच्या पाण्यात घालायचं म्हणजे केस सुटतात, मग चुना काढून टाकायचा. त्यानंतर बाभळीची साल आणि हिरडा. कोल्हापूर भागात कातडंच पिशवीसारखं शिवून, त्यात सालीचा आणि हिरड्याचा काढा भरून टांगून ठेवत. काढा कातड्यातून झिरपत खाली ठिबकायचा आणि जाता जाता चामडं पक्कं करायचा. बाभूळ चामड्याला तांबूस तपकिरी करते. हिरडा पिवळटपणा देतो. तिसरं झाड तरवड. दक्षिणेत त्याच्या सालीवर कमावलेलं चामडं फिकट, बिस्किटी निघतं. ते उन्हात लालसर होत जाऊ नये म्हणून शेवटी हिरड्याच्या पाण्यातून काढतात. मद्रासकडून अशी कातडी जहाजं भरभरून विलायतेला जात. आपल्या सह्याद्रीतला हिरडाही जाई. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात आजही आदिवासी घरं हिरडा वेचून विकतात.

म्हणजे चामड्याच्या रंगावरून त्याचं माहेर कळायचं. आजोबा चामडं उजेडात धरायचे, कडेला रापीनं बारीक कापायचे आणि कापाच्या आतला रंग बघून साल कुठली, काढा पुरेसा मुरलाय की मध्ये कच्ची पांढरी रेघ राहिली आहे, ते सांगायचे. रंग निवडायचा असतो ही कल्पनाच त्यांच्याकडं नव्हती. मोट कुठल्या रंगाची हवी असं कोण विचारणार? चपलेलाही चामड्याचाच रंग असायचा. तेल लावलं की तो गडद व्हायचा आणि वापरून वापरून आणखी गडद व्हायचा.

एकच रंग ते मुद्दाम आणत. काळा. त्यासाठी हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, पाण्यात विरघळवायची, नाहीतर गंजकं लोखंड गुळाच्या पाण्यात आंबत ठेवायचं, आणि ते पाणी चामड्यावर फिरवायचं. हिरड्याबाभळीच्या रसाला लोखंड भेटलं की चामडं डोळ्यांदेखत काळं पडतं. हिरडा आणि हिराकस एकत्र करून शाईही करत, तेच हे रसायन. गंमत अशी की या पाण्याला स्वतःला काळा रंग नसतो. निम्मा रंग चामड्यात आधीच मुरलेला असतो, लोखंड त्याला फक्त जागं करतं. चुकून लोखंडाचा थेंब पडून काळा ठिपका आला तर त्यावर लिंबू चोळलं की तो निघतो. पण हिराकस हावरेपणानं लावली तर चामडं काही वर्षांत कडक होतं आणि घडीवर तडकतं. आजोबांचा नियम होता, एक हात हिराकशीचा आणि दोन हात तेलाचे.

मोट गेली ती इंजिनांमुळं. किर्लोस्करांचे पंप आणि ऑइल इंजिनं शेतात आली, पुढं वीज आली, आणि मोटेचं चामडं शिवणाऱ्यांचं काम एकेका गावातून उठत गेलं. चामड्याची मोट टिकावी म्हणून माणसांनी काय काय केलं होतं! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासमध्ये आल्फ्रेड चॅटर्टन या इंग्रज अधिकाऱ्यानं क्रोमनं कमावलेलं चामडं करून पाहिलं, तेव्हा त्याच्या डोळ्यापुढं एक वापर तिकडच्या विहिरींवरच्या मोटांचाच होता. क्रोमची रीत मुळात अमेरिकेतली, ऑगस्टस शुल्झनं 1884 मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. सालीनं कमवायला आठवडे, महिने जातात; क्रोमनं काम काही दिवसांत उरकतं. क्रोमचं चामडं पाण्याला दाद देत नाही. पण त्याचा रंग असतो फिकट निळा, आणि त्यावर हिराकस नुसती फिरवली तर ते काळं पडत नाही, कारण आत हिरडा-बाभूळ नसते. रंग विकत आणून घालावा लागतो. आजोबांना या निळ्या चामड्याचा अखेरपर्यंत भरवसा वाटला नाही. मला मात्र वाटतं, चामड्याचा रंग झाडापासून पहिल्यांदा सुटला तो इथं.

मोटारसायकलची सीट या गोष्टीत जरा उशिरा येते. सुरुवातीच्या मोटारसायकलींना सीट नसे, सॅडल असे, सायकलीचंच मोठं भावंड. बर्मिंगहॅमच्या ब्रूक्स कंपनीनं 1882 मध्ये चामड्याच्या सायकल-सॅडलचं पेटंट घेतलं आणि पुढं मोटारसायकलींसाठीही सॅडलं केली. लोखंडी सांगाडा, खाली स्प्रिंगा आणि वर ताणून बसवलेलं जाड चामडं. त्यात भरण काही नाही. चामडंच झोळीसारखं वजन पेलायचं. म्हणून ते जाड आणि सालीनं कमावलेलं लागे. क्रोमचं चामडं मऊ, ते ताणून लोंबतं. विलायतेहून हिंदुस्थानात आलेल्या बीएसए, नॉर्टन, ट्रायम्फ यांच्या पाठीवर असली स्प्रिंगांची एकट्याची सॅडलं होती. दुसऱ्या महायुद्धात बीएसएची एम 20 आणि नॉर्टनची 16 एच लष्करासाठी लाखाच्या घरात बनल्या. युद्ध संपल्यावर त्यातल्या काही लिलावात निघाल्या आणि गॅरेजवाल्यांच्या, पैलवानांच्या, इनामदारांच्या दारात आल्या.

आण्णा पोरसवदा असताना उद्यमनगरातल्या एका गॅरेजमध्ये लागले, ते या गाड्यांमुळंच. मेस्त्रीला सॅडल दुरुस्त करायला चामड्याचा हात हवा होता. आण्णांकडं आजोबांची आरी होती, रापी होती आणि हिराकशीची ओळख होती. मालक म्हणे, सॅडल वाळलंय, भुरकट पडलंय, काळं करून दे. आण्णा आधी ओल्या फडक्यानं मळ काढत, मग स्पिरिटनं जुनं पॉलिश आणि मेण उतरवत. पॉलिश राहिलं तर त्या जागी रंग बसत नाही, ठिपका राहतो. मग रंगाचे हात, एक आडवा, एक उभा, प्रत्येक हातानंतर वाळवण. मग तेल, कारण स्पिरिट चामड्यातलं तेल ओढून घेतं आणि ते परत द्यावं लागतं. शेवटी कापडानं घासघासून चमक.

तोवर बाजारात पुडीतले रंग आले होते. काळ्यासाठी नायग्रोसिन, तपकिरीसाठी बिस्मार्क ब्राऊन. बिस्मार्क ब्राऊन हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल मार्टियसनं 1863 मध्ये शोधलेला रंग. सालीनं कमावलेल्या चामड्याशी त्याचं भलतंच जमतं, कारण आतला साली-हिरड्याचा रस त्याला धरून ठेवतो. आजोबांनी पुडी हुंगून पाहिली आणि "ह्येला वास न्हाई," एवढंच म्हणाले. आण्णांना मात्र त्या पुडीनं नवा हुरूप दिला. तपकिरीत लालसर, पिवळसर, काळसर अशा छटा आता ते स्वतः करू शकत होते.

एक हद्द मात्र पुडीलाही ओलांडता आली नाही. चामड्यावर फिकटावरून गडदाकडं जाता येतं, गडदावरून फिकटाकडं नाही. तपकिरी सॅडल काळं होईल, काळं सॅडल बिस्किटी होणार नाही. रंग चामड्याच्या आत जातो, तो धुऊन परत निघत नाही. त्यामुळं रंग बदलायला आलेल्या माणसाला आण्णा आधी बसवून चहा पाजत आणि दोनदा विचारत. दुसरी पंचाईत पावसाळ्याची. रंगाचा शेवटचा हात नीट पुसला नाही आणि वर लाखेचा हात दिला नाही, तर पहिल्या पावसात रंग बसणाऱ्याच्या कपड्यांना लागतो. कोल्हापुरात तेव्हा पांढऱ्या लेंग्याची चलती होती. बुलेटवरून देवळात उतरलेल्या एका प्रतिष्ठित गृहस्थांचा मागचा रंग सबंध पेठेनं पाहिला, आणि ते सॅडल रंगवणारा कारागीर आमच्या घरचा नव्हता हे सांगताना आण्णांचा चेहरा फुलायचा.

मग आलं रेक्झिन, आणि ही सगळी विद्या बाजूला पडली.

कापडाला लेप देऊन चामड्यासारखं करायची युक्ती जुनीच. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या हाईड गावात रेक्झिन कंपनी सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा थर देऊन असं कापड बनवत असे. पुस्तकांच्या बांधणीला, गाड्यांच्या अस्तराला ते लागे. 1926 मध्ये अमेरिकेत वाल्डो सेमन यानं कडक पीव्हीसी लवचीक करायची वाट शोधली आणि पुढं कापडावरचा थर पीव्हीसीचा झाला. पीव्हीसीची पूड, त्यात मऊपणा आणणारं तेलासारखं द्रव्य आणि रंग एकत्र मळायचे, तापलेल्या रुळांमधून पातळ पापुद्रा काढायचा, तो कापडावर दाबायचा आणि शेवटी कोरलेल्या रुळाखालून नेऊन चामड्यासारख्या सुरकुत्या उठवायच्या. आपल्याकडं भोर इंडस्ट्रीजसारख्या कारखान्यांत हे लेदरक्लॉथ बनू लागलं. त्यातल्या मधल्या कच्च्या पापुद्र्यावर अबकारी कर लागतो का, हा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1989 मध्ये निकाल भोर इंडस्ट्रीजच्या बाजूनं लागला. जो पापुद्रा तसाच बाजारात विकला जात नाही, तो कर लावण्याजोगा माल नव्हे. आमच्या सीटवरच्या कापडाची एवढी बारीक उलटतपासणी दिल्लीत झाली, हे मला एका वकील गिऱ्हाइकानं सीट शिवून होईपर्यंत समजावून सांगितलं.

या कापडाला गिऱ्हाईक मिळालं ते स्कूटरमुळं. 1955 मध्ये मद्रासेत एन्फिल्ड इंडियाचं काम सुरू झालं, 1961 पासून म्हैसूरच्या आयडियल जावाच्या गाड्या रस्त्यावर येऊ लागल्या, पण घराघरात पोचली ती आकुर्डीची बजाज. 1960 मध्ये पियाजिओशी करार, मग व्हेस्पा 150, 1972 मध्ये चेतक. साताऱ्याला महाराष्ट्र स्कूटर्समध्ये प्रिया. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची आणि एकदा मिळालेली स्कूटर पंधरा-वीस वर्षं वापरायची. तेवढ्या काळात पोरांची लग्नं व्हायची, पण स्कूटर तीच राहायची. मग नवेपणा आणायचा कुठून? सीटकव्हरमधून! सीटला कव्हर, स्टेपनीला त्याच रंगाचं कव्हर, हँडलच्या मुठींना गोंडे. आण्णांनी गॅरेज सोडून स्वतःचं दुकान काढलं ते याच दिवसांत.

दुकानात रंगाच्या बाटल्यांची जागा रेक्झिनच्या गुंडाळ्यांनी घेतली. काळा, चॉकलेटी, मरून, बाटली हिरवा, राखाडी, मोरपंखी. आता रंग बदलायचा म्हणजे जुनं कव्हर उसवायचं आणि नवं चढवायचं. सीटच्या पत्र्याच्या कडेला दाते असत. ते पकडीनं उचलायचे, कव्हर काढायचं, आतला काथ्या चेपला असेल तर भर द्यायची, नवं कापड ताणून दात्यांत अडकवायचं आणि दाते हातोडीनं बसवायचे. काळ्यावरून बिस्किटी? तासाभरात! जी हद्द आजोबांना, हिराकशीला आणि जर्मन पुडीलाही ओलांडता आली नव्हती ती कात्रीनं ओलांडली. त्या दिवसांत आण्णांना फार कमाई झाली आणि घर बांधलं ते त्याच पैशातून. पण ते म्हणायचे, माझ्या हाताचा रंग गेला आणि कात्रीचा घट्टा आला.

कौशल्य नाहीसं झालं असं मी म्हणणार नाही, ते सरकलं. चामडं अंगासरशी वाकतं, रेक्झिन वाकत नाही. त्यामुळं वळणावर तुकडे पाडावे लागतात, आणि जिथं तुकडे आले तिथं जोड आला. जोड लपवायचा, तर त्यात पायपिंग घालायची. आत दोरा आणि वर पट्टी असलेली ती बारीक गोट. मग लपवायला आणलेली पायपिंगच मिरवायला लागली. काळ्या सीटला पांढरी पायपिंग, मरूनला पिवळी. बुलेटच्या काळ्या सीटची पांढरी कड ओळीत आली नाही तर गाडी तिरकी दिसते. डोळा तिथंच जातो. पायपिंग सरळ येते की नाही यावरून आजही कारागीर ओळखावा. मला आण्णांनी मशिनवर बसवलं तेव्हा कितीतरी दिवस फक्त पायपिंगच शिवायला दिली होती.

रंग कोण निवडतं हेही मी मशिनच्या त्याच स्टुलावर बसून शिकले. साखर कारखान्याचं उसाचं बिल झालं की करवीर, कागल, पन्हाळ्याकडून गाड्या यायच्या. लग्नात मिळालेली राजदूत, तिच्या सीटवर दुधाच्या किटल्यांचे घट्टे. दसऱ्याआधी तर दुकानात उभं राहायला जागा नसे, कारण दसऱ्याला गाडीची पूजा आणि पूजेला फाटकी सीट चालत नाही. गाडीचा मालक गुंडाळ्यांसमोर उभा राहून म्हणायचा, "काळाच टाका, मळखाऊ." मागं उभी असलेली बायको हळूच म्हणायची, "मरून बरं दिसंल की." निम्म्या वेळा मरूनच व्हायचा. एरवी गाडीच्या कुठल्याही गोष्टीत तिला कुणी विचारलेलं नसायचं. दुसरी तिची तक्रार असायची निसरडेपणाची. नऊवारी-सहावारी नेसून एका बाजूला बसायचं, त्यात चकचकीत रेक्झिन आणि पुढं घाट. तिच्यासाठी आण्णा मागच्या भागात आडव्या शिलाईच्या पट्ट्या घालत. ती फॅशन म्हणून नव्हती, ब्रेक लागल्यावर बाई पुढं घसरू नये म्हणून होती. आई दुकानात डबा घेऊन यायची, तिनंच सुचवलेलं.

रेक्झिनचा रंग टिकतो किती? काळा सगळ्यांत जास्त, कारण त्यातली काजळी उन्हाचा मारा आपल्या अंगावर घेते. लाल विटतो, पांढरी पायपिंग पिवळी पडते. पीव्हीसीला मऊ ठेवणारं द्रव्य उन्हातान्हात हळूहळू उडून जातं, मग कापड कडक होतं आणि बसण्याच्या घडीवर चिरतं. त्या चिरेतून पावसाचं पाणी आत जातं आणि बाहेरून कोरडी दिसणारी सीट बसल्यावर पँट ओली करते. रेक्झिनला वरून रंग मारून द्या, असंही काही जण म्हणतात. मारता येतो, थिनरनं पुसून, सिलिकॉनचं पॉलिश पूर्ण काढून, त्याच्यासाठी मिळणारा रंग पातळ फवारायचा. बाजूच्या पट्टीवर तो बरा राहतो. बसायच्या जागेवर मात्र घडी पडते तिथून पोपडे निघतात, कारण तो वर बसलेला असतो, आत गेलेला नसतो.

1985 साल आलं आणि हीरो होंडा सीडी 100, यामाहा आरएक्स 100 अशा गाड्या रस्त्यावर आल्या. त्यांच्या लांब काळ्या सीटा कारखान्यात साच्यातल्या फोमवर बसवलेल्या होत्या. पुढं पत्र्याच्या जागी प्लास्टिकचा तळ आला, दात्यांच्या जागी पिना आल्या. गाडी मिळायला नंबर लावायचा जमाना सरला. सीट जुनी झाली म्हणून रंग बदलायच्या ऐवजी माणसं गाडीच बदलू लागली. 2009 मध्ये बजाजनं स्कूटर बनवणंच थांबवलं. दुकानात रंगाचं काम आटलं आणि फोमचं वाढलं. कुणाची पाठ दुखते, कुणाचे पाय टेकत नाहीत म्हणून सीट उतरवून द्या.

आणि त्याच 2009 मध्ये रॉयल एन्फिल्डची क्लासिक आली, जुन्या काळासारखी स्प्रिंगांवरची एकट्याची सीट घेऊन. तेव्हापासून आमच्या दारात एकच मागणी: चॉकलेटी. तरणी पोरं मोबाइल पुढं करतात. फोटोत विलायतेतली जुनी गाडी आणि तिच्यावर तेल पिऊन पिऊन पिकलेलं तपकिरी सॅडल असतं. "ताई, हाच कलर पायजे. अस्सल लेदर लूक." ऐंशी टक्क्यांना लूक हवा असतो, लेदर नको असतं, त्यांना मी तपकिरी रेक्झिनमध्ये छान सीट शिवून देते. त्या रेक्झिनवर कडेला गडद आणि मध्ये फिकट अशी जुनेपणाची छटा कारखान्यातूनच छापून येते. बाभळीच्या सालीनं जो रंग यायला महिने आणि वापरून पिकायला वर्षं लागायची, तो आता मीटरवर मिळतो. मला त्याचा राग येत नाही. पोट त्यावरच चालतं.

पण ज्याला खरंच चामडं हवं असतं त्याच्यासाठी मी कोल्हापुरी चपलेच्या कारागिरांकडं जाते. जवाहरनगर, सुभाषनगरकडं अजून सालीनं कमावलेल्या चामड्यावर काम करणारे हात आहेत. त्यांची संख्या घटते आहे. 2015 च्या कायद्यानं बैलाच्या कत्तलीवर बंदी आल्यापासून कच्चा माल बहुतेक म्हशीचाच, तोही महाग. कमावण्याचं काम करणारी घरं त्याहून कमी, कारण त्यातलं पाणी, वास, चुना आणि वर समाजाची नजर हे सगळं पोरांनी का सोसावं? 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे धरून. चपलेचं नाव झालं याचा आनंद आहे. ज्यानं कातडं पिशवी करून टांगलं आणि त्यात काढा भरला, त्याचं नाव त्या चपलेवर लिहिलेलं नसतं.

गिऱ्हाइकाला मी काही गोष्टी आधीच सांगते. सबंध सीट या चामड्याची करू नये. आपल्या पावसात ते पाणी पितं, वाळायला वेळ लावतं, बुरशी धरतं. मधला बसायचा भाग किंवा कडेची पट्टी आणि पायपिंग चामड्याची करावी, बाकी रेक्झिन. रंग फिकटच घ्यावा, तो ऊन, घाम आणि तेलानं आपोआप गडद होईल. गडद मागितला तर परतीची वाट नाही. पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर तेलाचा हात द्यावा. उन्हात उभी करायची तर सीटवर फडकं टाकावं. काळा हवा असेल तर मी अजून हिराकस वापरते, आजोबांच्या मापानं, आणि त्या माणसाला समोर उभं करून वापरते. पाण्यासारखं पाणी फिरवलं आणि चामडं काळं झालं की दहा हजाराचं हेल्मेट घातलेला पोरगाही तोंड उघडं टाकून बघत राहतो. तेवढ्यात मी त्याला विचारून घेते, बाभळीचं झाड ओळखतोस का रे?

बहुतेकांना ओळखता येत नाही. मग मी सांगते, तू निवडलेला चॉकलेटी रंग त्या झाडाचा आहे, तो चामड्यात उतरवणारी माणसं इथून दोन मैलांवर राहतात, आणि पट्टीचे जे पैसे मी घेतलेत त्यातले निम्मे त्यांचे आहेत. ते ऐकल्यावर दर कमी करायला सांगणारं गिऱ्हाईक मला अजून भेटलेलं नाही.